एक बोट उचललं की गंधार कोमल होतो: गिटार आणि थिअरीबद्दल

गिटार जवळ असेल तर हातात घ्या आणि ई मेजर धरा. पहिल्या पंधरवड्यातच येणारी ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट. सगळ्या तारा एकदा छेडा. आता तिसऱ्या तारेवरचं, पहिल्या फ्रेटमधलं (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं घर) बोट तेवढं उचला, बाकीची दोन तशीच राहू द्या आणि पुन्हा छेडा. मघाशी जे मोकळं, उजळ वाटत होतं ते आत वळल्यासारखं झालं. आता वाजतेय ती ई मायनर.

सहापैकी पाच तारांवर काहीच बदललं नाही. बदलला एक स्वर. ई ला सा म्हटलं, तर बोट ठेवलेलं असताना तिसरी तार शुद्ध गंधार देत होती. बोट उचललं आणि गंधार कोमल झाला. मेजर आणि मायनर या दोन कॉर्डमधला फरक एवढाच आहे. ए वरून ए मायनरला जाताना दुसऱ्या तारेवरचा स्वर एक फ्रेट मागे येतो, डी वरून डी मायनरला जाताना पहिल्या तारेवरचा. तिन्ही ठिकाणी हलतो तो गंधारच.

ज्याला हे कळलं त्याला कुठल्याही मेजर कॉर्डची मायनर स्वतः शोधून काढता येते. तक्ता लागत नाही, व्हिडिओ लागत नाही. माझ्या लेखी थिअरी म्हणतात ती ही. हात जे करतोय त्याला नाव मिळणं, आणि नाव मिळालं की तीच गोष्ट दुसरीकडेही ओळखता येणं.

मी बरीच वर्षं गिटार शिकवतो. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, थिअरी करावीच लागते का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाच रेघांचा कागद असतो, किंवा गांधर्वच्या परीक्षेत क्रियात्मकाबरोबर येणारा शास्त्राचा पेपर. व्याख्या पाठ करायच्या, लिहायच्या आणि विसरायच्या, असा तो अनुभव. त्यामुळे प्रश्नापाठोपाठ उदाहरणही येतं: "जिमी हेंड्रिक्सला कुठे येत होती?"

या अमेरिकन रॉक गिटारवादकाला नोटेशन, म्हणजे कागदावरचं स्वरलेखन, वाचता येत नव्हतं, हे खरं. जँगो राइनहार्टलाही येत नव्हतं. १९१० साली बेल्जियममध्ये रोमा कुटुंबात जन्मलेला हा वादक. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने जे सोलो वाजवले ते आजही चार बोटांच्या वादकांना जड जातात. इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी हा जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकला आणि जॅझमधल्या सर्वांत मोठ्या गिटारवादकांत गणला गेला. तोही नोटेशन वाचत नसे. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या चौघांपैकी कुणालाही ते वाचता येत नव्हतं.

पण नोटेशन न येणं आणि थिअरी न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांना छंद कळत नव्हता असं आपण कधी म्हणत नाही. ओवीची लय त्यांच्या कानात इतकी पक्की होती की दळता दळता ओळ तयार होई. लिहून घ्यायला घरातली दुसरी माणसं होती. वेस माँटगोमेरीचं तसंच आहे. कुठल्या कॉर्डवर कुठला स्वर सुखावेल आणि कुठला टोचेल, हे त्याला कागदाशिवाय ठाऊक होतं. ते ठाऊक व्हायला त्याने शेकडो तास रेकॉर्डसमोर घालवले. आपण त्याचं उदाहरण देतो तेव्हा ते तास मोजायचे राहून जातात.

बीटल्सचा एक किस्सा पॉल मॅकार्टनीने अनेकदा सांगितला आहे, तो मला या सगळ्या चर्चेत फार मोलाचा वाटतो. लिव्हरपूलमध्ये ही मुलं गिटार शिकत होती. ई यायची, ए यायची, पण बी सेव्हन येत नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ती येते असं कानावर आलं. मग ही मुलं बस पकडून त्याच्याकडे गेली, कॉर्ड शिकली आणि परत आली.

नेमकी बी सेव्हनच का? ई ला सा म्हणा. ए होतो मध्यम, बी होतो पंचम. सा, म आणि प या तीन स्वरांवर उभ्या राहणाऱ्या तीन कॉर्ड हाताशी असल्या की ब्लूज, रॉक अँड रोल आणि लोकगीतांतली असंख्य गाणी वाजवता येतात. या मुलांकडे सा आणि म होते, प नव्हता. गाणं जिथे ताणलं जाऊन परत घरी यायला पाहिजे तिथे हात रिकामा पडत होता. काय कमी आहे हे कानाने सांगितलं, नाव बाहेरून कळलं, आणि त्यासाठी त्यांनी शहर ओलांडलं. थिअरी टाळणाऱ्या माणसाची ही गोष्ट नव्हे.

शिवाय व्हायोलिन-चेलोवाले स्टुडिओत आले की त्यांच्यासमोर कागद ठेवणारा माणूस बीटल्सकडे होता. जॉर्ज मार्टिन लंडनच्या गिल्डहॉल संस्थेत शिकलेला होता. आपल्याकडेही हेच घडलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संगीतकार चालींभोवतीचं वाद्यवृंदाचं काम कागदावर उतरवत. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन शिकवलं जाई, त्या शिक्षणावर मुंबईचे मोठमोठे वाद्यवृंद उभे राहिले. चाळीस-पन्नास माणसांनी एका टेकमध्ये एकत्र वाजवायचं तर प्रत्येकाच्या समोर कागद हवाच. गिटार घेऊन घरी किंवा चार मित्रांत वाजवणाऱ्याला तो नसला तरी चालतो. नोटेशनबद्दल माझं म्हणणं इथेच संपतं: क्लासिकल गिटार, परीक्षा किंवा स्टुडिओचं काम डोक्यात असेल तर शिका, नाहीतर घाई नाही. बाकीच्या थिअरीचं मात्र तसं नाही.

गिटार स्वर लपवते

पेटीसमोर बसलेल्या मुलाला काही गोष्टी न शिकवता दिसतात. पांढऱ्या पट्ट्या, मध्ये काळ्या, दोन आणि तीनचे गट. एका स्वराची एकच जागा. सप्तक संपलं की तीच नक्षी पुन्हा सुरू.

गिटारवर असं काही दिसत नाही. सगळे फ्रेट सारखेच. वर एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ई घ्या. तोच स्वर, त्याच उंचीचा, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही आहे. म्हणजे एका स्वराच्या पाच जागा. पेटी शिकणाऱ्याला हा गोंधळ माहीतच नसतो.

याची दुसरी बाजू अशी की गिटारवर आकार सरकवता येतो. एफची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायची) जमली की तोच हात दोन फ्रेट पुढे नेला की जी, आणखी दोन पुढे नेला की ए. पेटीवर पट्टी बदलली की बोटांची ठेवण बदलते, गिटारवर बदलत नाही. ही फार मोठी सोय आहे, आणि अडचणही तिच्यातूनच येते. कुठला स्वर वाजतोय हे माहीत नसतानाही माणूस दहा-दहा वर्षं व्यवस्थित वाजवू शकतो. सतारवादकाला सा कुठे आहे हे विचारलं तर तो झोपेतही सांगेल. गिटारवर हात बसलेली कितीतरी मुलं या प्रश्नाला थबकतात. टॅबने, म्हणजे तारा आणि फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लेखनाने, यात भर घातली आहे. टॅब वाईट नाही, सोळाव्या शतकात युरोपात ल्यूट आणि व्हिव्हेला या वाद्यांचं संगीत टॅबमध्येच छापलं जाई. पण टॅब बोट कुठे ठेवायचं एवढंच सांगते. तिथे काय वाजतंय आणि ते तिथे का आहे, हे सांगत नाही.

म्हणून मला वाटतं, इतर वाद्यांपेक्षा गिटारवाल्यालाच थिअरीची गरज जास्त आहे. पेटी जे उघड दाखवते ते गिटारवाल्याला स्वतःच्या मनात रचावं लागतं.

फ्रेट तरी कुठून आले, तेही एकदा पाहू. क्लासिकल गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटर लांब असते. बारावा फ्रेट ३२५ वर, बरोबर मध्यावर, आणि तिथे मोकळ्या तारेचा सा वरच्या सप्तकातला सा होतो. सातवा फ्रेट डोक्याकडून साधारण २१६ मिलिमीटरवर, म्हणजे एक तृतीयांश अंतरावर. तिथे पंचम. पाचवा फ्रेट १६३ च्या आसपास, एक चतुर्थांशावर. तिथे मध्यम. तानपुऱ्याच्या तारेवर बोट धरून कुणी पाहिलं असेल तर ही अंतरं त्याला अनोळखी वाटणार नाहीत.

गंधार मात्र थोडा हटून बसतो. नैसर्गिक शुद्ध गंधार तारेच्या एक पंचमांशावर, म्हणजे १३० मिलिमीटरवर यायला हवा. चौथा फ्रेट असतो १३४ च्या जवळ. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडायचे ठरवल्यामुळे हे झालं, आणि त्यामुळे गिटारचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. पेटीवरही हीच हरकत होती, आणि १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी असण्यामागे जी कारणं दिली जात त्यांत हे एक होतं. बारा सारखे भाग नसते तर आकार सरकवण्याची सोयही नसती, कॅपोही (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) नसता. गंधारात थोडी तडजोड केली म्हणून बाराही पट्ट्या सारख्याच खुल्या झाल्या.

गायिका म्हणते, "काळी चार"

गिटारवाल्याची खरी परीक्षा साथीला बसल्यावर होते. मीही सुरुवातीला आकारांवरच वाजवत होतो. एका भावगीतांच्या कार्यक्रमाच्या तालमीत गायिकेने सांगितलं, "माझी काळी चार." पेटीवाल्याने मान डोलावली आणि सूर धरला. मला ते गाणं सी, ए मायनर, एफ, जी असं पाठ होतं. काळी चार म्हणजे काय, तिथे माझ्या कॉर्ड कुठे जातात, काहीच कळेना. त्या दिवशी मी दोन गाणी हात मांडीवर ठेवून बसलो. आज तो हिशेब दहा सेकंदांत होतो, आणि तो सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

पेटीवर पांढरी एक म्हणजे सी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. हे एवढं पाठ करायलाच हवं. गायक इंग्रजी अक्षरांत बोलणार नाही आणि तुम्ही पेटीवर बोट दाखवून विचारत बसणार नाही.

आता कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एक स्वर सोडून एक असे तीन स्वर. सा वरून सुरू केलं तर सा-ग-प. रे वरून रे-म-ध. ग वरून ग-प-नि. असं सातही शुद्ध स्वरांवरून करत गेलं की सात कॉर्ड मिळतात, आणि त्यांची जात आपोआप ठरते. सा, म आणि प वरच्या कॉर्ड मेजर. रे, ग आणि ध वरच्या मायनर. नि वरची जरा चमत्कारिक, डिमिनिश्ड, ती सुरुवातीला बाजूला ठेवली तरी चालेल.

जी पट्टीत हेच लिहून पाहा: जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर. ही ओळखीची मंडळी आहेत. नवशिक्यांच्या गाण्यांत जी, सी, डी आणि ई मायनर पुन्हा पुन्हा एकत्र का येतात, याचं उत्तर या ओळीत आहे. ही सगळी एका घरातली आहेत. त्यांच्यात अचानक सी मायनर आली की कान का टवकारतात, तेही यावरून कळतं. ती घराबाहेरून आलेली असते.

पुढची पायरी म्हणजे अक्षरं सोडून आकड्यांत विचार करणं. सा वरची कॉर्ड एक, म वरची चार, प वरची पाच, ध वरची सहा. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंत १९५० च्या दशकाच्या शेवटापासून वादक अशाच आकड्यांवर वाजवत आले आहेत. गायकाची पट्टी बदलली की अक्षरं सगळी बदलतात, आकडे तेच राहतात. माझं पाठ असलेलं सी, ए मायनर, एफ, जी हे आकड्यांत काय झालं? एक, सहा, चार, पाच. जी पट्टीत तेच होतं जी, ई मायनर, सी, डी. गायिकेला हवी जी शार्प, म्हणजे एक फ्रेट वर. पहिल्या फ्रेटला कॅपो लावायचा आणि जीचे आकार धरायचे. काळी पाच मागितली तर तोच कॅपो तिसऱ्या फ्रेटला. काळी एक मागितली तर पहिल्या फ्रेटला कॅपो आणि सीचे आकार. वाचायला जेवढं लांबलचक वाटतं तेवढं हातात राहत नाही. पंधरा गाण्यांनंतर हिशेब करावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र पाश्चात्त्य पुस्तकं सांगत नाहीत, कारण त्यांचा तिच्याशी संबंध नाही. आपले कार्यक्रम भैरवीने संपतात. भैरवी थाटात रे, ग, ध, नि चारही कोमल. आता पंचमावरची कॉर्ड बांधा: प, कोमल नि, कोमल रे. ही मेजर राहत नाही, डिमिनिश्ड होते. ई ला सा धरलं तर बी, डी, एफ. बीटल्सची मुलं बसने जाऊन जी बी सेव्हन घेऊन आली तिच्यात डी शार्प आणि एफ शार्प आहेत, म्हणजे शुद्ध नि आणि शुद्ध रे. गायक कोमल रिषभावर टेकलेला असताना खालून बी सेव्हन आली की दोन रिषभ एकमेकांना घासतात आणि सगळा रंग उडतो. तिथे ई मायनर आणि एफ या दोन कॉर्ड आलटून पालटून ठेवा. एफमध्ये कोमल रे, मध्यम आणि कोमल ध आहेत, तिन्ही भैरवीचेच. उपशास्त्रीय भैरवीत गायक शुद्ध रिषभही घेतात, तीव्र मध्यमही घेतात, तेव्हा कान उघडा ठेवून कॉर्ड सोडून द्यायची आणि नुसता सा-प धरायचा. माझ्या मते साथीला बसणाऱ्या गिटारवाल्याने शिकायची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. प्रत्येक जागी कॉर्ड भरायची नसते.

पाच बॉक्स आणि भूप

सोलो वाजवायला लागलेलं प्रत्येक मूल पेंटाटॉनिकच्या, म्हणजे पाच स्वरांच्या सरगमच्या, पाच बॉक्सपाशी येतं. ए मायनर पेंटाटॉनिक, पाचवा फ्रेट, पहिला बॉक्स. मग दुसरा, तिसरा. पाच आकार पाठ करायचे आणि मानेवर वरखाली फिरायचं. बहुतेकांचा प्रवास इथे अडतो, कारण पाच आकार म्हणजे पाच वेगळ्या गोष्टी असं त्यांना वाटत राहतं.

इथे मराठी घरात वाढलेल्या वादकाच्या हातात एक किल्ली आहे, आणि तिचा उपयोग फार कमी जण करतात. भूप आठवा: सा रे ग प ध. शाळेतल्या प्रार्थनेपासून भजनापर्यंत कुठेतरी तो कानावर पडलेलाच असतो. सी ला सा धरलं तर हे स्वर सी, डी, ई, जी, ए. पाश्चात्त्य भाषेत सी मेजर पेंटाटॉनिक. आता स्वर हेच ठेवा, पण सा उचलून भूपाच्या धैवतावर, म्हणजे ए वर नेऊन ठेवा. ए, सी, डी, ई, जी. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे स्वर झाले, आणि हीच ए मायनर पेंटाटॉनिक. जगभरचे ब्लूज आणि रॉकवाले जिच्यावर पोसले गेले ती.

तिथेच थांबू नका. सा भूपाच्या गंधारावर ठेवला की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि: मालकंस. पंचमावर ठेवला की सा रे म प ध: दुर्गा. रिषभावर ठेवला की सा रे म प आणि कोमल नि: मधमाद सारंग, मेघ यांचे स्वर. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि गायक मैफलीत क्षणभर ती दाखवून परत मूळ सा वर येतो, तेव्हा जाणकार दाद देतात.

गिटारचे पाच बॉक्स म्हणजे या पाच मूर्च्छनाच. आकार तेच पाच स्वर दाखवतात, फक्त प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या स्वरापासून होते. हे समजल्यावर सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर तासभर गिटार खाली ठेवली नव्हती. मोबाइलवर तानपुरा लावला, सी वर. पाच स्वर फिरवले, भूप. मग स्वरांना हात न लावता तानपुरा ए वर नेला. धानी. मग ई वर. मालकंस. बोटं तिथल्या तिथेच होती. पायाखालची जमीन बदलली की तेच पाच स्वर वेगळे होतात, हे त्याने स्वतः ऐकलं. "रिलेटिव्ह मायनर" (मेजरच्याच स्वरांतली, पण धैवताला सा मानणारी मायनर) हा शब्द मी त्याला त्यानंतर सांगितला, आणि तो त्याला पुन्हा सांगावा लागला नाही.

थिअरी जिथे थांबते

आता उलट बाजू. भूपाचेच पाच स्वर देशकारातही आहेत. सा रे ग प ध, एकही कमी-जास्त नाही. तरी भूप रात्री शांतपणे गंधारावर विसावतो, आणि देशकार सकाळी धैवतावर झेपावतो, वरच्या अंगाने बोलतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही असंच आहे, स्वर तेच आणि माणसं तीन. स्वरांची यादी देणारं कुठलंही शास्त्र तुम्हाला या दारापर्यंत आणून सोडतं. आत शिरायला ऐकावं लागतं, कुणी तरी समोर बसून चूक दाखवावी लागते.

गिटारच्या जगातही हे रोज दिसतं. सातही मोडची (त्याच सात स्वरांच्या सात मूर्च्छनांची) ग्रीक नावं घडाघडा सांगणारी, पण कुणी गायला लागलं की दोन कॉर्ड वेळेवर न बदलू शकणारी मुलं माझ्याकडे आली आहेत. त्यांनी नावं आधी गोळा केली, आवाज नंतर. ज्या नावामागे कानातला आवाज नाही ते नाव हाताच्या कामाला येत नाही. मी अशा मुलांना महिनाभर एकही नवं नाव सांगत नाही, नुसती गाणी कानाने उतरवायला लावतो.

आणि हेंड्रिक्स? त्याच्या नावाने ओळखली जाणारी एक कॉर्ड आहे. पाचव्या तारेचा सातवा फ्रेट, चौथीचा सहावा, तिसरीचा सातवा, दुसरीचा आठवा. स्वर मोजा: ई, जी शार्प, डी आणि जी. सा, शुद्ध गंधार, कोमल निषाद आणि वर कोमल गंधार. दोन्ही गंधार एका वेळी. जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण एकामागून एक, शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. इथे ते एकमेकांवर आदळतात आणि त्या आदळण्यातच ब्लूजची सगळी कळ आहे. ही कॉर्ड जॅझवाले आधीपासून वापरत होते, तिला पुस्तकी नावही होतं. हेंड्रिक्सला ते नाव माहीत असो वा नसो, लिटल रिचर्ड आणि आयझ्ली ब्रदर्ससारख्या गायकांच्या मागे साथ करत हिंडलेल्या त्या मुलाला दोन गंधारांमधली ती जागा पुरेपूर ठाऊक होती. मेजर आणि मायनर यांतलं एक निवडायचं असतं, असं पुस्तक पहिल्या धड्यात सांगतं. त्याने दोन्ही धरले. ते किती धाडसाचं आहे हे मला कळलं तेव्हा, जेव्हा एका बोटाने गंधार कोमल होतो हे मला आधी कळलेलं होतं.

मग काय आणि कधी शिकायचं? पहिले सहा महिने काही नको. हात बसू द्या, दहा-बारा गाणी येऊ द्या. त्यानंतर सहाव्या आणि पाचव्या तारेवरच्या स्वरांची नावं बाराव्या फ्रेटपर्यंत पाठ करा. रोज दोन स्वर धरले तरी पंधरा दिवसांत होतं, आणि सगळ्या बार कॉर्ड त्यातून मोकळ्या होतात. मग एकाच तारेवर सारेगम वाजवा: मोकळी तार, दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा. एकाच तारेवर वाजवल्याने स्वरांतली अंतरं डोळ्यांना दिसतात. गिटारवर पेटीच्या पट्ट्या बघायची हीच एक जागा आहे. ग-म आणि नि-सा शेजारी शेजारी, बाकी सगळीकडे एक फ्रेट मध्ये सोडलेला. वाजवताना तोंडाने सरगम म्हणा. हे फार महत्त्वाचं आहे. बोटाला माहीत असलेलं गळ्याने म्हणता आलं की ते कानात जातं.

त्यानंतर तुमच्या येणाऱ्या गाण्यांपैकी पाच घ्या, कॉर्ड आकड्यांत लिहा, आणि प्रत्येक गाणं दुसऱ्या पट्टीत वाजवा. घरात कुणी गाणारं असेल तर त्यांची पट्टी विचारा आणि त्यांच्या पट्टीत वाजवा. आई काळी चारमध्ये गात असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटला, जीचे आकार.